लाकडावरचं चित्र तपासायला स्पिरिट लावू नका

'घरात प्रसिद्ध चित्राची जुनी लाकडी फळी असेल तर ती लाखमोलाची असू शकते, या खुणा तपासा' हा मेसेज आता आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन पोचला. त्यातला सगळ्यात घातक मुद्दा म्हणजे कापसावर स्पिरिट घेऊन कोपरा पुसा, रंग सुटला नाही तर चित्र अस्सल. कृपा करून हे कोणीही करू नका.

स्पिरिट आधी वॉर्निश खातं. जुन्या सजावटीच्या प्रतींवर बरेचदा लाखेचं किंवा राळेचं वॉर्निश असतं. ते विरघळतं, बोळा पिवळट होतो आणि पुसल्या जागी कायमचा निस्तेज डाग राहतो. खालची ऑफसेटची, म्हणजे यंत्रावरच्या छपाईची, शाई मात्र अनेकदा हलतही नाही. म्हणजे छापील चित्र या कसोटीवर 'अस्सल' ठरतं, आणि हातानं रंगवलेलं पण अजून पुरतं न वाळलेलं तैलचित्र 'नकली'.

ही कसोटी चकवता येते हेही जुनंच आहे. हान व्हान मेहेरेन या नकली चित्रं करणाऱ्या डच चित्रकारानं रंगात बेकेलाइट या जुन्या प्लास्टिकचं राळ मिसळलं आणि चित्र भट्टीत भाजलं, त्यामुळे स्पिरिटनं रंग सुटेना. कॅनव्हास खरोखर सतराव्या शतकातला होता, भेगा त्यानं मुद्दाम पाडल्या होत्या. १९३७ मध्ये ते चित्र सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं म्हणून मान्य झालं आणि रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात गेलं. 'लाकूड जुनं' आणि 'भेगा आहेत' हे मेसेजमधले दोन मुद्दे इथेच निकालात निघतात. छापील प्रतीत तर मूळ चित्राच्या भेगाही छापून येतात, आणि सहीसुद्धा.

जुने चित्रकार लाकडावर रंगवत, एवढं मात्र खरं. 'मोनालिसा' पॉप्लरच्या फळीवरच आहे, ७७ × ५३ सेंटिमीटर. पण व्हर्मीरची 'मोत्याचं कर्णफूल ल्यालेली मुलगी' कॅनव्हासवर आहे. ती लाकडावर दिसली की प्रत, पुढे तपासायची गरजच नाही.

'बोटाला ब्रशचे फटकारे लागतात' हेही फसवं. छापील कागद फळीवर चिकटवून वर पारदर्शक जाड थर ब्रशनं फिरवतात. खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. फटकारे गालावरून थेट मागच्या आकाशात जात असतील, चित्राच्या आकाराला जुमानत नसतील, तर ते वरच्या थराचे. मग दहापट भिंगानं गालासारखा फिकट भाग बघा. रंगीत ठिपक्यांची नियमित जाळी म्हणजे ऑफसेट, वेड्यावाकड्या कणांचे ठिपके म्हणजे बहुधा लिथोग्राफ (दगडावरून काढलेला छाप). कडेला कागदाचा पापुद्रा दिसतो का, तेही पाहा. पाठीमागे एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) असेल तर प्रत साठच्या दशकाआधीची असणं अवघडच.

किमतीसाठी विक्रेत्यानं मागितलेला आकडा धरू नका. त्याच आकाराची, त्याच अवस्थेतली प्रत प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा. फळीला आलेला बाक, उडालेली कड, पुसल्याचा डाग, या सगळ्यानं भाव पडतो. चांगली जुनी लिथोग्राफ किंवा कोरीव चौकट असेल तर संग्राहक पैसे मोजतात, आणि कधी चित्रापेक्षा चौकटच जास्त मोलाची निघते. पाठीवरचं प्रकाशकाचं लेबल खरवडू नका. जाणकाराला समोरून, मागून आणि कडेचा असे फोटो पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून.