रात्रीचं पाणी कोण तपासणार?

उल्हास नदीवर पाण्याची सतत तपासणी करणारी यंत्रं हवीत, अशी मागणी एका लेखात वाचली. तिला माझा पूर्ण पाठिंबा. माझं माहेर बदलापूरचं, राहते ठाण्यात. दोन्हीकडे याच नदीचं पाणी प्यायले आहे.

महिन्यातून एकदा सकाळी अकरा वाजता बाटली भरून नेली तर काय कळणार? बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण किती ऑक्सिजन खाते हे मोजणाऱ्या चाचणीलाच आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस लागतात. तोवर ते पाणी खाडीला मिळालेलं असतं. शिवाय शेवाळ रात्रभर ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सर्वात कमी असतो, म्हणजे मासे गुदमरतात तेव्हा नमुना घ्यायला कुणीच नसतं. आणि 2014 साली उल्हासला मिळणाऱ्या वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं, शेकडो लोकांना श्वास घेणं कठीण झालं, ते रात्रीच ना!

पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), विरघळलेले क्षार, ऑक्सिजन, गढूळपणा हे दर पंधरा मिनिटांनी मोजता येतं. जड धातू मात्र असे सहज पकडता येत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळा लागेलच. पण पीएच अचानक घसरला की यंत्रानेच त्या क्षणी नमुना भरून ठेवावा, अशी सोय करता येते. ती करावीच.

एक कळकळीची विनंती. सेन्सरवर काही दिवसांतच शेवाळाचा थर चढतो आणि आकडे चुकू लागतात. त्यामुळे खरेदीच्या निविदेतच साफसफाई आणि कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्राचे आकडे तपासून बरोबर जुळवण्याचे, पैसे धरा. पहिलं यंत्र वालधुनीच्या संगमाखाली बसवा, आणि आकडे आम्हालाही मोबाइलवर दिसू द्या.