रिकामी बाटली फेकून द्या: पंचवटीच्या दातांच्या डॉक्टरांना उत्तर

नमस्कार डॉक्टर,

'भुलीच्या जागी भलतंच द्रावण टोचलं जाणं लाखात एखादं. ते रंगवून तुम्ही लोकांना आमच्या खुर्चीवरून पळवताय. उद्या माणसं दाढेत लवंग धरून बसतील,' असं तुम्ही माझ्या लेखाखाली लिहिलंत. लवंगेची भीती रास्त आहे. गाल सुजून डोळा मिटल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणारे माझ्या मेडिकलच्या काउंटरवर रोज पेनकिलर मागतात. बाकीचं मात्र पटलं नाही.

त्या लेखात हायपोला, म्हणजे ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटला, मी विष म्हटलेलं नाही. दाताच्या नळीतली कुजलेली नस विरघळवावी ती त्यानेच. पहिल्या महायुद्धात जखमा धुवायला वापरलेलं डेकिनचं अर्ध्या टक्क्याचं द्रावणही तेच. फक्त मेलेलं आणि जिवंत यात ते फरक करत नाही. नळीतून पलीकडे गेलं किंवा सुईने हिरडीत टोचलं गेलं, की भयंकर आग होते, बघता बघता गाल सुजतो, काळानिळा पडतो. फॉर्मेलिन तर मांस टिकवायचं द्रावण. ते जिवंत मांसात गेलं तर तो भाग मरूही शकतो.

तुम्ही म्हणता, हा निष्काळजी डॉक्टरांचा प्रश्न आहे. मला तो बाटलीचा वाटतो. आपल्याकडे लिग्नोकेन हे भुलीचं औषध बहुधा ३० मिलीच्या, रबरी बुचाच्या बाटलीत येतं आणि साध्या डिस्पोजेबल सिरिंजमध्ये ओढलं जातं. बाटली संपली की कुणीतरी ती धुऊन ठेवतं, कारण बायोप्सीचं, म्हणजे तपासायला काढलेला तुकडा टिकवायचं फॉर्मेलिन ठेवायला ती सोयीची. तेही पाण्यासारखंच रंगहीन. लेबल जुनंच. मग संध्याकाळच्या गर्दीत नवी असिस्टंट सिरिंज भरून हातात देते, तेव्हा कितीही काळजी घेणारा डॉक्टर काय ओळखणार? छापून आलेल्या अशा काही घटनांत ही पुन्हा भरलेली बाटली सापडते.

भुलीच्या औषधाची काचेची बंद नळी, म्हणजे कार्ट्रिज, लहान दवाखान्याला महाग पडते, मान्य. पण रिकामी बाटली फोडून टाकायला काय लागतं? हायपोच्या सिरिंजवर रंगीत पट्टी लावायला?

'पेशंटने बाटली दाखवा म्हणणं हा अपमान' हे तर अजिबात नाही. गोळ्यांची एक्स्पायरी विचारणाऱ्या आजींना मी स्ट्रिप फिरवून दाखवतो, रागावत नाही.

राहिला वाचकांना दिलेला सल्ला, तो तसाच ठेवतोय. भूल देताना थोडं चुरचुरतंच. पण आग वाढतच गेली किंवा घशात ब्लीचचा वास आला, तर ताबडतोब हात वर करायचा. डॉक्टरांनी तिथेच थांबून काय टोचलं गेलं ते पेशंटला स्पष्ट सांगायचं. गिळायला, श्वासाला किंवा नजरेला त्रास वाटला, तर घरी नाही, थेट हॉस्पिटलात.

तुमच्या दवाखान्यात हायपो आणि फॉर्मेलिन कशात ठेवता, ते फोटोसकट पाठवा. लेखात टाकतो.