लोणी: तो, ती की ते?

शनिवारी सकाळी जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एका बेकरीत एका 'न'पायी माझी अब्रू गेली. मी म्हटलं, 'आयनेन बुटरब्रेत्सेल, बिटे,' म्हणजे एक लोणी लावलेली ब्रेत्सेल (गाठ मारल्यासारखा पाव) द्या. काउंटरवरच्या बाईंनी चिमटा उचललासुद्धा होता. तेवढ्यात मागून आवाज आला, 'आयने!'

वळून पाहिलं तर एक आजोबा. खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर वहीत लाल शाई ओतून झाल्याचं समाधान. 'डी ब्रेत्सेल,' ते म्हणाले, 'डी!' म्हणजे ब्रेत्सेल स्त्रीलिंगी. रांगेतल्या बाकीच्यांना एकाएकी आपापल्या बुटांत रस वाटू लागला.

आता ही चूक का होते ते सांगतो, म्हणजे मी अगदीच ढ नाही हे कळेल. आपला पाव पुल्लिंगी. शिवाय 'एल'ने संपणारी जर्मन नामं बहुधा पुल्लिंगी: डेअर ल्योफेल म्हणजे चमचा, डेअर आप्फेल म्हणजे सफरचंद, डेअर श्ल्युसेल म्हणजे किल्ली. 'बहुधा' या शब्दात किती खड्डे असतात ते नंतर कळतं, कारण काटा मात्र डी गाबेल, बटाटा डी कार्टोफेल, आणि त्याच खड्ड्यात ब्रेत्सेल. त्यात 'मला हवं' म्हटलं की पुढच्या नामाला द्वितीया, आणि द्वितीयेत रूप बदलतं ते फक्त पुल्लिंगी एकवचनाचं. डेअरचं डेन होतं, आयनचं आयनेन. स्त्रीलिंगी डी आणि नपुंसकलिंगी डास जागचे हलत नाहीत. म्हणजे माझी विभक्ती बिनचूक होती, लिंग तेवढं घसरलं. याचे शाळेत अर्धे मार्क मिळाले असते.

मराठी माणसाला तीन लिंगांचं भय नसतं. तो-ती-ते आपण दुधाबरोबर प्यायलेलो असतो. आठ विभक्त्या पाठ केलेल्याला चार म्हणजे किस झाड की पत्ती. पण आपला प्रत्यय नामाच्या शेपटीला लागतो, 'पावाला', 'पावाचा'. जर्मनमध्ये शेपूट बहुतेक वेळा तशीच राहते आणि पुढे चालणारं आर्टिकल (हेच डेअर-डी-डास) कपडे बदलतं. तीन लिंगं आणि एक अनेकवचन, गुणिले चार विभक्त्या, अशी सोळा घरं. रूपं मात्र सहाच: डेअर, डी, डास, डेन, डेम, डेस. सोळा भावंडांत सहा सदरे! त्यामुळे 'डेअर' दिसला म्हणून पुरुष समजून हात मिळवायला जावं, तर ती चतुर्थीतली बाई निघते. नाहीतर षष्ठीतली. नाहीतर षष्ठीतलं अख्खं अनेकवचन. डासाबद्दल काय बोलावं, नावातच आहे.

तर आजोबा. त्यांना वाटलं असावं, रोग्याला नुसतं निदान सांगून भागत नाही, औषधही द्यावं. घसा खाकरून ते म्हणाले, 'इख श्लागे ईनेन...'

आणि थांबले.

श्लागेन म्हणजे मारणे. 'मी तुम्हाला मारतो...' इथपर्यंत वाक्य आलेलं आणि आजोबा श्वास घेतायत. साध्या जर्मन वाक्यात चालवलेलं क्रियापद दुसऱ्या जागी येतं, पण काही क्रियापदांचं मुंडकं वेगळं निघून वाक्याच्या पार शेवटी जाऊन बसतं. ते येईपर्यंत अर्थ अधांतरी. मी व्याकरणाचा आधार शोधला: 'ईनेन' ही चतुर्थी आहे आणि नुसतं मारायचं असेल तर द्वितीया लागते. हुश्श. मग आठवलं, तोंडावर मारायचं असेल तर माणूस चतुर्थीतच जातो आणि तोंड तेवढं द्वितीयेत येतं. '...बाय आलेम रेस्पेक्ट,' आजोबा पुढे सरकले, म्हणजे सगळा मान राखून. मान राखून मारणार? '...वाइल झी येट्स्ट हिअर वोनेन...' तुम्ही आता इथे राहता म्हणून. वाइल आलं की त्या पोटवाक्याचं क्रियापद शेवटी जातं, अगदी मराठीसारखं. तेवढाच माहेरचा वारा. '...आयनेन आबेंटकुर्स...' संध्याकाळचा क्लास. चिमट्यातली ब्रेत्सेल हवेत. आणि मग, एकदाचं: '...फोअर.'

फोअर-श्लागेन. सुचवणे. मार नव्हता, सूचना होती. सगळं अहो-जाहोत, सगळ्यांदेखत. आणि हो, कुर्स पुल्लिंगी, म्हणून त्याला आयनेन. माझा वाया गेलेला 'न' त्यांनी उचलून बरोबर जागी लावून दाखवला.

बरं, ज्या भाषेत शब्दाचं लिंग ओळखायला शब्द संपेपर्यंत थांबावं लागतं, तिथे घाई दुसऱ्यांनी करावी? सामासिक शब्दाचं लिंग शेवटचं पद ठरवतं. डी हांट म्हणजे हात, डेअर शू म्हणजे बूट, म्हणून हातमोजा हा हाताचा बूट, डेअर हांटशू. गोमांसाच्या लेबलांवरच्या देखरेखीची कामं सोपवण्यासाठी मेक्लेनबुर्ग-फोअरपोमर्न राज्याने 1999 साली केलेल्या कायद्याचं नाव 63 अक्षरी होतं. 2013 साली तो रद्द झाला. 63 अक्षरं पार करून शेवटी 'गेझेट्स' आलं की कळायचं, डास! मधल्या सांध्यांत 'स' पेरलेले असतात ते निराळेच. जन्मदिवस म्हणजे गेबुर्ट्सटाग. त्यातला 'स' षष्ठीचा म्हणावा, तर गेबुर्ट स्त्रीलिंगी आणि स्त्रीलिंगाला षष्ठीत 'स' लागतच नाही. मग तो आला कुठून? आवडला म्हणून ठेवला.

मी पैसे देत होतो तेव्हा आजोबांनी आपली ब्रेत्सेल उघडून आत पाहिलं आणि बाईंना म्हणाले, 'डेअर बुटर इश हाइट अबर डुन!' लोणी आज फारच पातळ लावलंय.

डेअर बुटर! प्रमाण जर्मनमध्ये लोणी स्त्रीलिंगी आहे, डी बुटर. श्वाबियातल्या, म्हणजे या स्टुटगार्टच्या भागातल्या, बोलीत मात्र ते पुल्लिंगी, डेअर. (आपल्याकडे ते लोणी. तीन लिंगं, तीन मतं, लोणी एकच.) बोली सुंदर असते, माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्यांचं लिंग फिरलं की ती बोली आणि माझं फिरलं की संध्याकाळचा क्लास. बाईंनी त्यांना वर थोडं लोणी लावून दिलं. मागून कोणी ओरडलं नाही. मीही नाही, कारण तेवढ्यात मनातलं वाक्य जुळत नव्हतं. क्रियापद कुठे ठेवायचं यावर अडलं होतं.

चार दिवस झाले. मी आता दोन मागतो. अनेकवचनात तिन्ही लिंगांचं आर्टिकल एकच असतं आणि 'त्स्वाय' म्हटलं की तेही लागत नाही. फक्त शेवटी 'न' लावायचा, ब्रेत्सेल्न, कारण स्त्रीलिंगी 'एल'ला तो लागतो, पुल्लिंगी ल्योफेल दोन झाले तरी ल्योफेलच. तो 'न' मी ठासून उच्चारतो. अडचण एवढीच की खाणारा एकटा मी, आणि दुसरी (हो, दुसरी) संध्याकाळपर्यंत चामड्यासारखी होते. फ्रिजवर तीन पडल्यात.