लेखकाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्था

ऑस्ट्रेलियातील साहित्यजीवनाविषयी मराठीत कोणी लिहिले, की ते बहुधा महोत्सवांविषयी असते. ॲडलेडचा १९६० पासून चालत आलेला रायटर्स वीक, सिडनी आणि मेलबर्नचे लेखक महोत्सव, झाडाखाली बसून ऐकणारे श्रोते, स्वाक्षरीसाठी लागलेल्या रांगा. हे सारे सुंदर आहेच, त्याविषयी तक्रार नाही. परंतु इथे राहून थोडेफार लिहिल्यावर माझे मत असे बनले आहे की, या देशातील लेखन ज्या संस्थांनी खऱ्या अर्थाने तगवले, त्यांच्या कामात छायाचित्र काढण्यासारखे काही नसते. करारातील कलमे वाचणे, मानधनाचे दर ठरवणे, ग्रंथालयांतील प्रती मोजणे, झेरॉक्सचे पैसे वसूल करणे अशी ती रुक्ष कामे आहेत.

या देशात लेखकाला मदत करण्याची सुरुवात दयेपासून झाली. १९०८ मध्ये केंद्र सरकारने कॉमनवेल्थ लिटररी फंड स्थापन केला, तेव्हा त्याचा हेतू हलाखीत सापडलेल्या लेखकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना निवृत्तिवेतन देणे इतकाच होता. १९२८ मध्ये सिडनीत फेलोशिप ऑफ ऑस्ट्रेलियन रायटर्स ही संघटना उभी राहिली, तिच्या शाखा राज्याराज्यांत पसरल्या आणि लेखकांना एकमेकांची सोबत मिळाली. परंतु सोबत आणि पैसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियन सोसायटी ऑफ ऑथर्स स्थापन झाली आणि डॅल स्टिव्हन्स तिचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा प्रथमच लेखकाचा विचार एक कष्टकरी म्हणून, त्याच्या श्रमाला भाव असतो हे धरून, संघटितपणे होऊ लागला.

या सोसायटीने ज्या मागणीचा पाठपुरावा केला ती साधी होती. सार्वजनिक ग्रंथालयात एक प्रत विकत घेतली जाते आणि ती शेकडो लोक फुकट वाचतात, यात वाचकाचा आणि समाजाचा लाभ आहे, पण लेखकाच्या हाती एकाच प्रतीचे पैसे येतात. डेन्मार्कने १९४६ मध्येच याची भरपाई देण्यास आरंभ केला होता. ऑस्ट्रेलियात ही योजना, म्हणजे पब्लिक लेंडिंग राइट, १९७४-७५ मध्ये सुरू झाली आणि १९८५ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. वाचकाकडून एक पैसाही घेतला जात नाही. ग्रंथालयांत आपल्या पुस्तकाच्या किती प्रती आहेत याचा अंदाज पाहणीतून काढला जातो आणि त्यानुसार सरकार दरवर्षी लेखकाला रक्कम देते, प्रकाशकालाही त्याचा लहान वाटा मिळतो. २००० मध्ये शाळा-विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी अशीच दुसरी योजना आली आणि २०२३-२४ पासून ई-पुस्तके व श्राव्य पुस्तकेही या दोन्ही योजनांच्या कक्षेत आली. ज्यांची पुस्तके दुकानातून केव्हाच हद्दपार झाली, पण गावोगावच्या ग्रंथालयांत अजून हाताळली जातात, अशा लेखकांना या पैशाचे मोल अधिक वाटते. रक्कम लहान असो वा मोठी, ती मागण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, हा माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

झेरॉक्सची कथा याहून रंजक आहे. सत्तरच्या दशकात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या ग्रंथालयातील यंत्रावर कथाकार फ्रँक मूरहाऊस यांच्या संग्रहातील एका कथेच्या प्रती काढण्यात आल्या. हे सहज घडले नव्हते. न्यायालयाकडून प्रश्नाचा एकदाचा निकाल लागावा म्हणून ते मुद्दाम घडवून आणले होते. १९७५ मध्ये देशात सर्वोच्च असलेल्या हायकोर्टाने ठरवले की, यंत्र ठेवून त्याच्या गैरवापरावर पुरेसे नियंत्रण न ठेवणाऱ्या विद्यापीठालाही कॉपीराइटच्या भंगाची जबाबदारी टाळता येणार नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या कॉपीराइट एजन्सीला या निकालाने बळ मिळाले, पुढे १९८० च्या कायद्याने शैक्षणिक प्रतींसाठी मोबदल्याची चौकट आखली, आणि आज शाळा व विद्यापीठे जे शुल्क भरतात ते या एजन्सीमार्फत लेखक-प्रकाशकांपर्यंत पोहोचते. शिवाय तिच्या सांस्कृतिक निधीतून नव्या प्रकल्पांना साहाय्य मिळते. (दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात नेमकी उलट दिशा धरली. विद्यार्थ्यांच्या खिशाचा विचार करता मला तो निकालही पटतो. मात्र लेखकाच्या मोबदल्याची दुसरी काही वाट त्यातून निघाली नाही, याची रुखरुख आहे.)

इतके सगळे असूनही येथील लेखक श्रीमंत आहे असा समज कोणी करून घेऊ नये. मॅक्वारी विद्यापीठाने २०२२ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार लेखनातून मिळणारे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे १८,२०० डॉलर होते. सिडनीत एवढ्यात वर्षाचे घरभाडेही भागत नाही. म्हणूनच सोसायटी जाहीर करते ते दरपत्रक महत्त्वाचे ठरते. शाळेत जाऊन मुलांशी बोलण्याचे किती, परिसंवादात बसण्याचे किती, लेखाचे किती, हे तिथे आकड्यांत लिहिलेले असते. बोलावणाऱ्याने ते पाळलेच पाहिजे असे बंधन नाही, पण संकोची लेखकाला "सोसायटीचा दर असा आहे" एवढे म्हणता येते. आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि येण्याजाण्याचा खर्च यांवर भागवलेल्या व्याख्यानांची संख्या आठवली, की हे एक वाक्य उच्चारता येण्याची किंमत कळते.

आता स्थानिक संस्थांकडे येते, कारण लेखकाचा रोजचा संबंध त्यांच्याशीच असतो. पहिले राज्यस्तरीय लेखक केंद्र १९८५ मध्ये ॲडलेडमध्ये निघाले. नंतर मेलबर्न, ब्रिस्बेन, सिडनी, डार्विन, कॅनबेरा अशी केंद्रे होत गेली. सिडनीचे केंद्र रोझेलमधील कॅलन पार्कमध्ये, एकेकाळच्या मनोरुग्णालयाच्या आवारातील एका जुन्या बंगल्यात आहे, आणि यावरचे विनोद तेथील सभासद स्वतःच करून टाकतात. लेखकांची राहती घरे संस्थांना मिळण्याची परंपराही इथे आहे. कटूम्बा येथील एलिनॉर डार्क यांचे 'वरुणा' हे घर त्यांच्या मुलाने लेखकांच्या निवासासाठी दिले (नाव आपल्याच वरुणदेवाचे वाटते खरे). पर्थजवळ ग्रीनमाउंटला कॅथरीन सुझॅना प्रिचर्ड यांचे घर आहे, आणि स्वॉनबर्नला जोसेफ फर्फी यांनी बांधलेल्या घरात फेलोशिपच्या पश्चिम ऑस्ट्रेलिया शाखेचे कार्यालय आहे.

अशा केंद्रांची खरी शक्ती त्यांच्या सभासदांच्या छोट्या लेखनगटांत आहे. मी ज्या गटात जाते तिथला नियम कडक आहे. मजकूर आधी सर्वांना पाठवायचा, आणि चर्चा चालू असेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचे नाही. कवीने दोन ओळी म्हणताच "वा, क्या बात है" येणाऱ्या मैफलींत वाढलेल्या माणसाला हे मौन प्रथम अपमानासारखे वाटते. पण लिहिलेले समजले नाही तर ते समजावून सांगायला लेखक प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार नसतो, हे तिथे पटकन ध्यानात येते. वर्गणी भरणारी आणि शनिवारी सकाळी दुसऱ्याचे हस्तलिखित मन लावून वाचणारी अशी माणसे नसती, तर दरपत्रके आणि कायदे कोणासाठी असते?

या साऱ्यांचा कणा सरकारी अनुदानाचा आहे आणि तो किती ठिसूळ आहे हे २०१५ मध्ये दिसले. त्या वर्षी तत्कालीन कलामंत्री जॉर्ज ब्रँडिस यांनी कलांना अनुदान देणाऱ्या ऑस्ट्रेलिया कौन्सिल या सरकारी संस्थेच्या निधीतून चार वर्षांचे सुमारे १०.४७ कोटी डॉलर आपल्या खात्याच्या नव्या योजनेकडे वळवले. पुढच्या वर्षी कौन्सिलच्या दीर्घ मुदतीच्या अनुदानातून वगळल्या गेलेल्यांत १९४० मध्ये सुरू झालेले 'मीनजिन' हे साहित्यिक नियतकालिक आणि तरुण लेखकांसाठी काम करणारी एक्स्प्रेस मीडिया या दोघांचा समावेश होता. कौन्सिलचे २०२३ मध्ये क्रिएटिव्ह ऑस्ट्रेलिया झाले आणि जुलै २०२५ पासून तिच्यात केवळ साहित्यासाठी रायटिंग ऑस्ट्रेलिया हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. हे स्वागतार्ह आहे, पण मला अधिक भरवसा वाटतो तो संघटनांच्या चिकाटीचा. परदेशी आवृत्त्यांच्या मुक्त आयातीला २००९ मध्ये आणि पुन्हा २०१६ नंतर लेखक-प्रकाशकांनी रोखून धरले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना परवानगीविना पुस्तके वापरू देणारी सवलत कायद्यात घालण्याचा विचार पुढे आला तेव्हाही याच संघटना पुढे सरसावल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशी सवलत देणार नसल्याचे जाहीर केले.

माझा खरा आक्षेप भाषेविषयीचा आहे. ही सारी व्यवस्था इंग्रजीत विचार करते. आदिवासी भाषांच्या बाबतीत काही मोलाचे काम झाले आहे: ब्रूममधील मागाबाला बुक्स हे आदिवासींच्या हातातील प्रकाशनगृह १९८७ पासून चालू आहे, आणि ब्रिस्बेनमधील एका पुस्तकदुकानदार बाईंच्या उपक्रमातून वाढलेले इंडिजिनस लिटरसी फाउंडेशन मुलांची पुस्तके त्यांच्या मातृभाषांत छापते, त्याला २०२४ चा ॲस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कारही मिळाला. पश्चिम सिडनीतील 'स्वेटशॉप' या गटाने स्थलांतरितांच्या मुलांना लिहिते केले, पण इंग्रजीत. मराठी, तमिळ, व्हिएतनामी किंवा अरबीत लिहिणारा माणूस ऑस्ट्रेलियन लेखक आहे ही जाणीव अजून रुजलेली नाही. पब्लिक लेंडिंग राइटसाठी देशभरातील ग्रंथालयांत किमान ५० प्रती असाव्या लागतात. पुण्यात छापलेले मराठी पुस्तक तो उंबरठा कसा ओलांडणार?

तरीही हा दोष बाहेर उभे राहून दूर होणार नाही. येथील मराठी लेखकांपैकी फार थोडे या केंद्रांचे सभासद असावेत असा माझा अंदाज आहे. आपले सर्व लेखन मंडळाच्या दिवाळी अंकात सुरू होते आणि तिथेच संपते, आणि त्या अंकासाठी सजावटकाराला, छापखान्याला, सभागृहाला पैसे मिळतात, लेखकाला मात्र अंकाची एक प्रत. मंडळांनी पुढच्या अंकापासून प्रत्येक लेखाला मानधन ठरवावे, ते पन्नास डॉलर असले तरी चालेल, आणि लेख पुन्हा कुठे छापायचा याचा हक्क लेखकाकडे राहील असे दोन ओळींचे पत्र द्यावे. स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ग्रंथालयांत वाचकाला पुस्तक सुचवता येते. येथे राहणाऱ्या मराठी लेखकांच्या पुस्तकांची एक यादी मंडळांनी एकत्र बसून करावी आणि प्रत्येक सभासदाने आपापल्या ग्रंथालयात त्यातील निदान एका पुस्तकाची मागणी नोंदवावी. यादी करायला मी तयार आहे. नावे आणि प्रकाशनवर्षे खाली कळवावीत.