पंधरा सेकंदांत लोहगड

रविवारी लोहगडावर जाऊ नये हे मला कळतं; पण आमच्या हापिसाला रविवारीच सुट्टी असते.

गणेश दरवाजाच्या अलीकडे रांग ठप्प. एकामागून एक चार दरवाजे आणि त्यांतून चढणारी नागमोडी वाट. शत्रू वळणावर अडकावा आणि वरून टिपता यावा, म्हणून ही बांधणी. ती आजही चोख काम करते, फक्त अडकतो आपण.

तर अडकलो असताना एका पोराने न विचारता माझ्या कॉलरला माइक लावला. "काका, तुम्ही गावातलेच ना? गडाची माहिती द्या. पंधरा सेकंदांत."

गावातला कसला! गुडघ्यासाठी काठी धरली होती एवढंच. पण इतिहास विचारतोय म्हटल्यावर मी विरघळलो.

"1648 साली महाराजांनी गड स्वराज्यात आणला. 1665 ला पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला..."

"काका, तह नको. डाऊन वाटतं."

"अरे, 1670 ला परत घेतला की!"

"हां, हे भारी! पण ओरडून बोला. आणि काठी वर."

मी काठी वर केली. होय, केली.

"पुढे नाना फडणवीसांनी वर सोळाकोनी बाव बांधली."

"बाव म्हणजे?"

"विहीर रे."

"कोणी उडी टाकली होती का तिच्यात?"

"माझ्या माहितीत नाही."

"मग राहू द्या."

तेवढ्यात मागून कोणीतरी खेकसलं, "ओ आजोबा, शूटिंग घरी करा!" शूटिंग त्याचं, शिव्या मला. पोराने माइक काढून घेतला आणि जाता जाता म्हणाला, "टेन्शन घेऊ नका, आवाज म्यूटच करतो. वर गाणं टाकायचंय."

मग मला ओरडायला कशाला लावलंस, बाबा?

2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, त्यांत लोहगडही आहे. आपण लगेच स्टेटस ठेवले. वर टाक्यात मात्र कुरकुऱ्यांची पाकिटं तरंगताहेत, तटाच्या दगडावर कोणा पिंट्याने बाण मारलेलं हृदय कोरलंय, आणि विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब, अरुंद सोंडेकडे, जावं तर स्पीकरवर लग्नातली गाणी. कोणाला हटकलं तर "गड काय तुमच्या बापाचा आहे का?" हे उत्तर तयार. त्याच तोंडाने दोन मिनिटांनी घोषणा.

परवा भाचीने ती रील पाठवली. मी काठी उगारून तोंड वासतोय, खाली लिहिलंय: "गडावर आजोबा अचानक भडकले". पहिलीच कमेंट: "बरोबर आहे, असल्या लोकांमुळेच गर्दी होते."