शपथेत नेमकं काय होतं? फ्रान्सच्या चर्च-सुधारणांवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. फ्रेंच राज्यक्रांतीत उभी राहिलेली मर्यादित राजेशाही, पाद्र्यांना नव्या चर्च-व्यवस्थेसाठी घ्यायला लावलेल्या शपथेपायी मोडली, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की, गब्बर चर्चला वेसण घालणं गरजेचंच होतं, शपथ तर फक्त राष्ट्राशी, कायद्याशी आणि राजाशी एकनिष्ठ राहण्याची होती, आणि राजा सोळावा लुई मुळात लबाड असल्यामुळे ती राजवट तशीही टिकली नसती.

वेसण घालायला हवी होती, यात आपलं दुमत नाहीच. बिशपच्या गाद्या उमरावांच्या मुलांकडे जायच्या आणि गावातला साधा पाद्री कित्येक ठिकाणी वर्षाला ७०० लिव्हरांवर (लिव्हर हे तेव्हाचं फ्रेंच चलन) गुजराण करायचा. ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेने, म्हणजे क्रांतीतल्या लोकप्रतिनिधींच्या सभेने, चर्चचा दशांश कर रद्द करायचं ठरवलं आणि २ नोव्हेंबरला चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली. तो प्रस्ताव मांडणारा तालेराँ स्वतः बिशप होता. जुलै १७९० च्या कायद्याने गावच्या पाद्र्याला किमान १,२०० लिव्हर पगार ठरवून दिला. हे मला आजही न्याय्य वाटतं.

आणि म्हणूनच पुढचं मनाला लागतं. तेव्हा धर्मगुरू, उमराव आणि सामान्य लोक अशा तीन वर्गांचे प्रतिनिधी वेगवेगळे बसत. १३ जून १७८९ रोजी धर्मगुरूंचा वर्ग सोडून सामान्यांच्या तिसऱ्या वर्गात येऊन बसलेले पहिले तिघे जण पोइतू प्रांतातले साधे पाद्री होते. त्यांच्यामागून आणखी आले आणि तिसऱ्या वर्गाला 'आम्हीच राष्ट्र' म्हणायचं बळ मिळालं. गावचा पाद्री क्रांतीचा पहिला सोबती होता, आणि शपथेने त्यालाच कोंडीत पकडलं.

आता शपथेबद्दल. तुम्ही तिचा पहिलाच भाग उद्धृत केलात. त्यापुढे 'सभेने ठरवलेली आणि राजाने स्वीकारलेली राज्यघटना सर्व शक्तीनिशी राखेन' असंही होतं, आणि जुलै १७९० च्या त्या कायद्याने आणलेली चर्चची नवी व्यवस्था त्यातच धरलेली होती. त्या व्यवस्थेत बिशप आणि पाद्री यांची निवड सरकारी अधिकारी निवडणाऱ्या मतदारांनीच करायची होती. त्यात प्रोटेस्टंट मतदारही आले. पोपची मान्यता लागणार नव्हती, त्याला फक्त पत्राने कळवायचं. धर्मगुरूंची विनंती एवढीच होती की, चर्चची राष्ट्रीय परिषद भरवून तिची संमती घ्या. सभेने ती धुडकावली. चर्चला वेगळी परिषद दिली की रद्द केलेला वर्ग मागल्या दाराने परत येईल, ही त्यांची भीती मला समजते. पण त्यातून श्रद्धावान माणसाला वाटच उरली नाही.

४ जानेवारी १७९१ चा दिवस बघा. सभेत धर्मगुरूंना एकेक नाव घेऊन पुकारलं गेलं. पहिलं नाव आजाँच्या बिशपचं. त्याने नकार दिला. काहींना धर्माच्या बाबी वगळून शपथ घ्यायची होती, ती मुभा नाकारली गेली. बाहेर जमाव ओरडत होता. पुढे देशभरात बिशपांपैकी मोजक्यांनीच शपथ घेतली. पाद्र्यांपैकी साधारण निम्म्यांनी घेतली, निम्म्यांनी नाही. मार्च-एप्रिलमध्ये पोप सहाव्या पायसने या व्यवस्थेचा जाहीर निषेध केला, तेव्हा घेतलेल्यांपैकी काहींनी ती मागेही घेतली. बाळाचा बाप्तिस्मा कुणाकडून करायचा, मरणाऱ्याच्या उशाशी कुणाला बोलवायचं, यावरून घराघरांत फूट पडली.

राहिला राजा. तो सरळ वागला असं मी म्हणत नाही; जून १७९१ मध्ये व्हारेन या गावी पकडला गेला, तेव्हा तो वेष पालटून पळत होता. पण त्याआधीचं पाहा. लोकांच्या हक्कांवर त्याने कुरकुरत का होईना सह्या केल्या होत्या. शपथेच्या हुकमावर २६ डिसेंबर १७९० रोजी केलेली सही मात्र त्याच्या श्रद्धेवरच आली. १८ एप्रिल १७९१ रोजी ईस्टरसाठी तो पॅरिसजवळच्या सँ-क्लूला निघाला. शपथ न घेतलेल्या पाद्र्याकडून प्रसाद घ्यायला चालला, या संशयावरून जमावाने त्याची बग्गी अडवली. राष्ट्रीय रक्षकदलाचा प्रमुख लाफायेत याचे हुकूम त्याच्याच दलाने मानले नाहीत. दोन तासांच्या आसपास बग्गीत बसून राजा पॅरिसच्या राजवाड्यात परतला. व्हारेन त्यानंतर दोनच महिन्यांनी घडलं.

सप्टेंबर १७९१ मध्ये त्याने नव्या राज्यघटनेला मान्यता दिली. तिने त्याला कायदे लांबणीवर टाकण्याचा नकाराधिकार दिला होता. नोव्हेंबरमध्ये शपथ नाकारणाऱ्या पाद्र्यांवर कडक कायदा आला तेव्हा त्याने हा नकाराधिकार वापरला, म्हणजे घटनेने दिलेला हक्क घटनेच्या चौकटीतच बजावला. तरी पॅरिसने त्याला गद्दार ठरवलं. राजाला नकाराधिकार द्यायचा आणि तो वापरला की देशद्रोह मानायचा, असं असेल तर मर्यादित राजेशाही चालणार कशी? लुईच्या जागी अगदी प्रामाणिक कॅथलिक राजा असता, तरी त्याने तोच नकार दिला असता. म्हणूनच तुमचा लबाडीचा मुद्दा मला अपुरा वाटतो.