खुलासा: कुंडीत गंजके खिळे पुरून पालकातलं लोह वाढत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये पालकाच्या कुंडीत गंजके खिळे पुरायला सांगितलं आहे. कृपया तसं करू नका. गंज पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे मुळांना त्यातून काही मिळत नाही. आपल्याकडे नर्सरीत मिळणारी लाल माती लाल दिसते तीच मुळी लोहाच्या ऑक्साइडमुळे. लोह आहेच, अडतं ते सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) वाढल्यावर.

चुना किंवा राख जास्त पडली की सामू ७.५ च्या वर जातो. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. २० ग्रॅम माती ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास अधूनमधून ढवळा, पाणी निवळू द्या आणि सामू मोजायची pH पट्टी बुडवा. ६ ते ७ असेल तर उत्तम. जास्त असेल तर राख बंद, आणि तीन भाग मातीला एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. अर्धवट कुजलेलं घातलं तर ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, रोपं खुरटतात.

आणि पालकातलं लोह शरीराला तसंही कमीच मिळतं. भाजीवर लिंबू पिळा, त्याने खरोखर फरक पडतो.